अंतराळयानातली खोट

माझ्या पोटच्या पोरीनं मला तिच्या यूट्यूब चॅनेलवर ब्लॉक केलं आहे.

मी मंगरूळपीरला जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. सुरुवात पंक्चर काढण्यापासून केली, त्यामुळे मला कुणी शिकवलेलं नाही आणि मी कुणाचं ऐकत नाही. धंद्यात माझा एकच नियम आहे. माल आवडला की तोंड वाकडं करायचं. आवडला नाही तर तोंडभर स्तुती करायची, चहा प्यायचा आणि निघून यायचं. किन्हीराजा गावचा एक माणूस आपल्या ट्रॅक्टरला 'लाडका' म्हणायचा. त्याच्या लाडक्यात मी अकरा खोटी काढल्या. (नऊ खोट्या होत्या.) शेवटी तोच मला म्हणाला, "न्या एकदाचं हे धूड!"

आमची पूर्वा मात्र माझ्या धंद्यावर गेली नाही. ती कॉमिकचं परीक्षण करते! नवा अंक आला की वाचायचा आणि मोबाइलसमोर बसून चांगलं-वाईट सांगायचं. सगळे अंक आकाशात उडणाऱ्या महावीरांचे नाहीतर परग्रहांचे. मला वाटायचं, हे ऐकतं कोण? पण पुण्याच्या एका प्रकाशकानं छापून बाजारात जायच्या आधीच तिला तीन अंक पाठवले आणि फोन केला. रविवारी पाच वाजता लाइव्ह परीक्षण करायचं, जमलं तर दर महिन्याचं काम पक्कं! दोन वर्षं पोरगी याच फोनची वाट पाहत होती.

आणि ती पहिल्याच शब्दाला 'हो' म्हणाली.

"काहून हो म्हटलं?" मी ओरडलो. "समोरच्याले दोन दिवस तरी लटकवून ठेवाव लागते!"

"बाबा, ते ट्रॅक्टर नाई विकून राह्यले."

"सारे ट्रॅक्टरच विकते पूर्वा. कोणाले चाकं असते, कोणाले नसते."

शनिवारी तिची अक्कलदाढ काढावी लागली. रविवारी सकाळी एक गाल गुळाच्या ढेपीएवढा झाला आणि तोंड उघडेना. माझी बायको सुनंदा म्हणाली, "त्यायले फोन करा, पुढच्या रविवारी करतो म्हना."

"तारीख पुढं गेली का सौदा दुसरीकडं जाते," मी म्हणालो. "मी बसतो."

पूर्वानं डोळे मोठे केले. पण बोलता येत नसल्यामुळे तो विरोध धरला गेला नाही. तिनं वहीत दोन पानं लिहून दिली. वर तीनदा अधोरेखित करून लिहिलं, 'फक्त हे वाचा. आपल्या मनाचं एक अक्षर बोलू नका!'

पण माल न बघता बोलणाऱ्यातला मी नाही. तिन्ही अंक दुकानात नेले आणि एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाचले. पहिल्यात एक पहेलवान मुठीतून वीज सोडतो. (वीज मंडळाला काय उत्तर देतो, ते दिलेलं नाही.) दुसऱ्यात परग्रहावरच्या मुंग्या. तिसऱ्यात मात्र एक बाई होती, मेकॅनिक. तिचं जुनं अंतराळयान एका ओसाड ग्रहावर बंद पडलेलं. सगळे म्हणतात, भंगारात काढ. ती ऐकत नाही. एकेक बोल्ट पुसते, यानाशी बोलते, आणि शेवटच्या पानावर ते यान एकदा खोकतं आणि चालू होतं!

मी मडगार्डवर बसून ढसाढसा रडलो. तेवढ्यात सुनंदा डबा घेऊन आली.

"काय झालं?"

"कचरा गेला डोयात."

"दोन्ही डोयात?"

"वारं सुटलं होतं!"

पाच वाजता बैठक बसली. मी मधे, शेजारी गालाला बर्फ लावून पूर्वा. पुण्याच्या त्या प्रकाशकाकडचे संपादक लाइव्ह बघत होते. मी चष्मा लावला, वही उघडली, आणि तेवढ्यात संपादकांची कमेंट आली, 'नमस्कार काका! तिसरा अंक आमचा सगळ्यात लाडका आहे. कसा वाटला?'

लाडका! हा शब्द आला की माझी मान आपोआप तिरपी होते. त्यात डोक्यात हिशेब चालू झाला. पोरगी आधीच हो म्हणून बसली आहे. आता बापानंही माल आवडला म्हटलं, की तिला काही किंमतच उरणार नाही. आपण जरा तोंड वाकडं केलं तर तेच मागं लागतील!

मी वही मिटली.

"पयला अंक एक नंबर!" मी म्हणालो. "काय पहेलवान, काय रंग! मुंग्याइचा बी झकास. पण हा तिसरा..." मी अंक दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा धरला. "याच्यात काई दम नाई."

शेजारी बर्फाची पिशवी खाली पडली.

"हे यान पाहा. धूर कसा काया! इंजिन उतरेल हाय, तेल खाऊन राह्यलं. मांगून ठोकेल दिसते. अन् हे बाई! पाना उलटा धरून राह्यली. इले कोनं मेकॅनिक केलं? हे धूड कोनी फुकट देल्लं तरी मी नाई नेनार!"

पूर्वानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की तो आठवडाभर हिरवा होता. मला वाटलं, पोरगी खूश झाली. मी आणखी चार खोटी काढल्या. मग एक कमेंट आली.

'काका, मी या अंकाची लेखिका. अकोल्याची आहे. माझ्या बाबांचं गॅरेज होतं. अडचणीच्या जागी ते पाना असाच धरायचे.'

मी दोन बोटांतला अंक दोन्ही हातांत घेतला. कारण अडचणीच्या जागी मीही पाना तसाच धरतो.

पूर्वाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते दाढेचं नव्हतं, एवढं मलाही कळलं. मी सावरून घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाचा आवाज सगळ्या महाराष्ट्रात गेला.

"खोटं बोलून राह्यले हे! हेच पुस्तक वाचून दुकानात रडून राह्यले होते! मले म्हनते, वारं सुटलं!"

कमेंटांचा पाऊस पडला. बहुतेक हसण्याच्या. मग लेखिकेनं विचारलं, 'काका, खरं का?'

आता फक्त 'आवडलं' म्हणायचं होतं. पण पैसे देऊन होईपर्यंत हा शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही. दाढ पूर्वाची काढली होती आणि तोंड माझं उघडत नव्हतं! पूर्वा माझ्याकडे बघत होती. दोन वर्षांची वाट आणि सुजलेला गाल, दोन्ही एकाच चेहऱ्यावर.

"आवडलं," मी म्हणालो. एकदा झाकण उघडल्यावर मग काही राहिलं नाही. "ते यान खोकलते ना, तवा मी रडलो, वारं नोतं सुटलं. माह्या पयल्या ट्रॅक्टरले मी असाच बोलत होतो. मी त्या बाईच्या गावचा असतो, तर कोनालेच ते भंगारात काढू देल्लं नसतं. पूर्वानं बी हाच अंक पयल्या नंबरावर लिवला हाय. हे पाहा वही!"

लाइव्ह संपल्यावर संपादकांचा फोन आला. काम पूर्वाचं पक्कं! मी फोन कानाला लावून म्हणालो, "बरं, आता रेटचं बोलू—" पूर्वानं फोन हिसकावला, सुजल्या तोंडानं "हॉ, हॉ!" म्हणाली आणि ठेवून दिला. मग मला ब्लॉक केलं.

तीन महिन्यांनी त्या मेकॅनिक बाईच्या कॉमिकचा नवा अंक आला. त्यात एक खलनायक आहे. पोट सुटलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मिशा हुबेहूब माझ्या. तो आकाशगंगेत हिंडून ग्रहांना नावं ठेवतो आणि भंगाराच्या भावात विकत घेतो! पूर्वानं परीक्षणात त्याला पाचपैकी पाच दिले. 'इतका जिवंत खलनायक मी पाहिला नाही,' म्हणाली. (मी सुनंदाच्या फोनवर ऐकलं.)

मी तडक वाशिमचं बसस्टँड गाठलं. तिथल्या बुकस्टॉलवर हा अंक मिळतो म्हणून, विक्री बंद पाडायला! स्टॉलवाल्यानं अंक बघितला, मग मला बघितलं.

"काका, हे तुमी हाय काय?"

"मी कायले असू?" मी भडकलो. "किती अंक हाय तुह्याजवळ?"

"सात."

सातही घेतले. छापील किमतीला. वर पिशवीचे पैसे त्यानं मागितले नव्हते, तेही देऊन आलो.