कुलपातलं नेट

“राउटर बंद करून परत चालू केलात का, मॅडम?”

हा प्रश्न मला आणखी एकदा कुणी विचारला, तर फोनमधून हात घालून त्याला चोपायचं, असं मी गेल्या हिवाळ्यात ठरवून टाकलं होतं. अहो, केलं होतं बंद. केलं होतं चालू. सकाळी केलं, जेवायच्या आधी केलं, जेवता जेवता उष्ट्या हाताने केलं. आणि चीड याची की दर वेळी त्याने फरक पडायचा. बंद करून चालू केलं की नेट सुसाट पळायचं. पलीकडचा कस्टमर केअरवाला लढाई जिंकल्यासारखा म्हणायचा, “बघा मॅडम, झालं ना?” मी आभार मानून फोन ठेवायचे, मागच्या खोलीत जाऊन लॅपटॉपसमोर बसायचे, आणि तिथे मला काय दिसायचं, तर गोल गोल फिरणारं ते मेलं चक्र.

कर्जतजवळच्या भिसेगावातल्या आमच्या घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई गेली त्याला काही वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, आणि त्याबद्दल मला प्रश्न विचारायची आता कुणाची छाती होत नाही. मी मुंबईतल्या एका कंपनीत शिकवण्याचं काम करते, म्हणजे कंपनीत नव्याने लागलेल्या लोकांना तिथलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लॅपटॉपवरून समजावून सांगते. घरी बसून काम करायची परवानगी मी भांडून मिळवली होती. बाबांची साखर अचानक उतरते. माणूस बोलता बोलता घामाने डबडबतो, डोळे फिरवतो, आणि त्या क्षणी तोंडात गुळाचा खडा घालायला कुणीतरी जवळ असावं लागतं. एकदा ते न्हाणीघरात पडले तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते म्हणून वाचले. मी ऑफिसला जायला लागले की उजाडायच्या आत घर सोडणार आणि दिवेलागणीनंतर परतणार. मधला सगळा दिवस ते आणि त्यांची साखर.

तेव्हा नेट ही माझ्यासाठी सिनेमे बघायची चैन नव्हती. माझ्या मॅनेजरने मला स्वच्छ सांगितलं होतं, “तुमचा चेहरा पुन्हा मध्येच गोठला, तर रोज ऑफिसला या. गावाकडे नेट नसतं हे मान्य आहे, पण तो कंपनीचा प्रॉब्लेम नाही.” गावाकडे! कर्जत स्टेशनात लोकल येते हो, बैलगाडी नाही. पण हे मी मनात म्हणाले. तोंडाने “हो सर” म्हणाले आणि त्या “हो सर”चा राग दिवसभर भांड्यांवर काढला.

सुरुवात लॅपटॉपपासून केली. कंपनीचा आयटीवाला फोनवरून म्हणाला, वायफाय विसरा आणि परत जोडा. विसरले, जोडलं. म्हणाला, बॅटरी वाचवायची सेटिंग बंद करा. केली. म्हणाला, सगळे अपडेट टाका. अपडेट टाकायला नेट लागतं हे त्याला समजावण्यात अर्धी सकाळ गेली. मग स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने माझ्याकडे न बघताच निदान केलं, “व्हायरस आहे,” आणि सगळा लॅपटॉप पुसून धुऊन हातात दिला. त्यात आईचे फोटो होते. बाकीचे मोबाइलवर होते म्हणून बरं, पण ते गेलेले फोटो आठवले की आजही माझं डोकं भणभणतं. आणि घरी आणून बघते तर चक्र होतं तिथेच, फिरतंय आपलं.

शेवटी लॅपटॉप काखोटीला मारून शेजारच्या वहिनींकडे गेले. त्यांच्याकडेही त्याच केबलवाल्याचं नेट. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप उघडला, तर असं नेट, असं नेट, की मला रडू आलं.

“आमच्यात तं मस्त चालतं गं,” वहिनी म्हणाल्या आणि वर विचारलं, “तुमीच कायतरी बिघडवलं नाय ना?”

वहिनींशी पंगा घेऊन चालत नाही, त्यांच्याकडे आमच्या घराची जादा किल्ली असते. पण एवढं कळलं की लॅपटॉप ठणठणीत आहे. म्हणजे दोष आमच्या घरात येणाऱ्या वायरीचा.

मग केबलवाल्याच्या मागे लागले. त्याच्याकडे एक उत्तर तयारच असायचं, “खालापूरच्या बाजूला केबल तुटलीय, ताई.” खालापूरच्या बाजूला रोज केबल तुटते. कुणी फार्महाउससाठी जेसीबी लावतं, कुणी रस्ता उकरतं, आणि बिल फाटतं माझ्या डोक्यावर. “मग शेजारी कसं चालतं?” असं विचारलं की फोन कट. दहा वेळा भांडल्यावर एक गृहस्थ आला. पोट सुटलेला, डोक्यावरचं हेल्मेट न काढताच घरात शिरला. त्याने खांबापासून नवी वायर ओढली, राउटरशी उभं राहून मोबाइलवर वेग मोजला आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. काटा पार टोकाला टेकलेला. “अजून काय पाहिजे?” तो म्हणाला. चहा प्यायला आणि गेला. त्याने गाडी सुरू केली न केली, तोवर नेट मेलं. मी ओरडत बाहेर धावले, पण त्याची गाडी वळणापलीकडे गेली होती.

इथे मला त्या पेटीबद्दल सांगायला हवं.

बाबा जन्मभर खालापूरच्या बाजूच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. आमच्या घरात विजेची कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. पंपाचा स्विच लोखंडी पेटीत, इन्व्हर्टर पेटीत, गिझरचं बटण पेटीत. प्रत्येक पेटीला कुलूप आणि सगळ्या किल्ल्या बाबांच्या करदोट्याला. मला गरम पाण्याने आंघोळ करायची तरी “बाबा, किल्ली!” अशी हाळी द्यावी लागते. परतीच्या पावसात एकदा वीज कडाडली आणि आमचा जुना राउटर जळाला, तेव्हा मी कपाळाला हात लावून बसले होते, “आता माझी नोकरी जाणार” म्हणत. नंतर मला आठवडाभर ऑफिसला बोलावलं, वहिनी बाबांना बघत होत्या, आणि मी परत आले तर बाहेरच्या खोलीत नव्या राउटरला नवी पेटी. जाड पत्र्याची, राखाडी रंगाची, बाबांनी जुन्या ओळखीच्या वर्कशॉपमधून खास करवून आणलेली. अर्थिंगची वायर जोडलेली, दाराला हाताच्या पंजाएवढी काच, तीतून राउटरचा हिरवा दिवा दिसायचा. मी म्हटलं छान आहे. खरंच म्हटलं. इतक्या पेट्यांत आणखी एक पेटी, तिच्याकडे दुसऱ्यांदा कोण बघतंय?

मग एके दिवशी जेवणानंतर माझा वर्ग होता आणि खुद्द मॅनेजर तो ऐकायला बसणार होते. मी आधीच राउटर बंदचालू करून घेतला होता. बाबांनी पेटी उघडून दिली आणि इतक्यात दारात कुणीतरी ओळखीचं आलं, म्हणून ते तसेच दाराबाहेरच्या ओट्यावर गप्पा मारत बसले. माझं नेट पाण्यासारखं वाहत होतं. मी शिकवतेय, लोक प्रश्न विचारताहेत, मॅनेजर मान डोलावताहेत. मला वाटलं, अखेर ही पीडा टळली. ओट्यावरच्या गप्पा संपल्या. बाबांच्या चपला वाजल्या. मग ते खोकले. मग बाहेरच्या खोलीतून आवाज आला, खट्.

आणि मॅनेजरची मान डोलता डोलता मध्येच थांबली.

मी खुर्ची मागे ढकलून उठले. बाहेर आले. बाबा किल्ली करदोट्याला अडकवत होते.

“उघडा,” मी म्हणाले.

“काय झालं गं?”

“पेटी उघडा, बाबा!”

त्यांनी उघडली. मागच्या खोलीतून लॅपटॉपमधले आवाज ऐकू आले, “हॅलो? मॅडम? ऐकू येतंय का?”

“बंद करा.”

खट्. आवाज अर्ध्या शब्दावर तुटला.

“उघडा!”

परत आवाज. परत बंद, परत उघड. बाबांना वाटलं असेल पोरीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. कित्येक आठवडे मी सगळ्या जगाशी भांडत होते आणि नेट माझ्याच घरात पत्र्याच्या तुरुंगात बसलं होतं. राउटर चालू करायला दार उघडायचं, म्हणून तेवढा वेळ नेट चालायचं. त्या हेल्मेटवाल्याने वेग मोजला तोही दार उघडं ठेवून. तो वळला की बाबा कुलूप घालत होते. दर वेळी. मनोभावे.

मी किंचाळले. खोटं कशाला सांगू, शेजारी ऐकू जाईल अशी किंचाळले. “तुमच्या ह्या पेट्या! वाय-फाय हवेतून येतं, बाबा, हवेतून! लोखंडातून कसं येईल ते? माझी नोकरी घालवायला निघालात तुम्ही! सगळ्या घराला कुलपं लावून ठेवलीत, आता मलाही घाला एका पेटीत!”

बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. ते सहसा उलट बोलत नाहीत, त्यामुळे आणखी संताप येतो.

“उघडी वस्तू ठेवायची नाय,” ते म्हणाले. “आमच्या कंपनीत पॅनलचं दार उघडं र्‍हायलं व्हतं. माझ्या जोडीदाराचा हात माझ्यासमोर जळला. तवापासून मी कुठलं दार उघडं ठेवलं नाय.”

“हा राउटर आहे. ह्याने कुणाचा हात जळत नाही.”

“त्यात तुझी नोकरी हाय ना पन,” बाबा म्हणाले. “तूच बोललीस. म्हनून तं जाड पत्रा घ्यायला लावला मी वर्कशॉपवाल्याला.”

मी वर्गाकडे परत गेले, तर वर्ग संपला होता. मॅनेजरचा निरोप आला होता की सोमवारच्या मीटिंगला मोठे साहेब असतील, तेव्हा काही गडबड झाली तर पुढे बोलायला नको. माझा राग उतरला नव्हता. संध्याकाळी मी बाबांच्या ताटात भाकरी वाढली तीही आपटूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू ड्रायव्हरचा आवाज आला. बाबा स्टुलावर चढून पेटी काढत होते. साखर उतरणारा माणूस स्टुलावर! मी परत ओरडले आणि स्टूल धरून उभी राहिले. त्यांनी पेटी उतरवली, भिंतीतल्या खुंट्या काढल्या, भोकं सिमेंटने बुजवली. अंगणातून सागाची एक फळी आणली, घासून गुळगुळीत केली, तिच्यावर रबराची चटई अंथरली आणि वर राउटर ठेवला. उघडा. चारही बाजूंनी उघडा. मग ते समोर खुर्ची टाकून बसले, एक हात प्लगपाशी.

“आता हे काय?” मी विचारलं.

“वीज कडाडली तं काढायला.”

“बाबा, हिवाळा आहे. आभाळात ढग नाही.”

“असूं दे. मी बसतो.”

सोमवारी मीटिंगला बाबा असेच राउटरजवळ बसले होते. मी कानाला हेडफोन लावून मागच्या खोलीत. नेट कसं होतं म्हणून सांगू, मोठ्या साहेबांच्या चष्म्यावरचा खिडकीचा उजेडसुद्धा दिसत होता. मी बोलले, माझा चेहरा गोठला नाही. मॅनेजर म्हणाले, आज आवाज फार छान येतोय. मला इतका आनंद झाला की मी हसले. मग मोठे साहेब बोलायला लागले. इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द तोलून. कंपनीने ठरवलं आहे. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी सगळे दिवस ऑफिसमध्ये. घरून काम बंद. कुणालाही सवलत नाही. घरच्या अडचणी ज्याने त्याने बघाव्यात.

नेटचा प्रश्नच नव्हता. कधीच नव्हता. हे मागेच ठरलं असणार, आणि मी इकडे वायरी बदलत होते, आईचे फोटो पुसून घेत होते, म्हाताऱ्या माणसावर किंचाळत होते. मी त्या चक्राची वाट पाहिली. एकदा तरी फिर रे, म्हटलं, हे वाक्य तरी अर्धं तोड. फिरलं नाही. साहेब हसले, “एनी क्वेश्चन्स?” म्हणाले.

दारात हालचाल झाली म्हणून मी वळले. बाबा उंबऱ्यावर उभे होते. हेडफोनमुळे त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ते माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते आणि चेहराभर हसत होते.

“तोंडं बघ कशी सरळ हालतात,” ते म्हणाले. “अडकलं नाय ना कुटं? आवाज आला ना गं समदा?”

मी हेडफोन काढले.

“आला, बाबा,” मी म्हणाले. “शब्द न् शब्द आला.”