राखेच्या तळ्यावरची खांड

पेणच्या खाडीकडची आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मधे एक मातीचा बांध, एवढाच काय तो समुद्र आणि आमच्यातला करार. बांधाला भोक पडून खारं पाणी आत शिरलं की आम्ही 'खांड गेली' म्हणतो. शेतात एकदा ते पाणी भरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून आमच्याकडे नियम साधा आहे. ज्याला पाणी दिसेल त्याने ओरडायचं आणि ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं टाकून धावायचं. शेत कुणाचं ते नंतर. माझी आई आणि शेजारची काकू मासळीच्या वाट्यावरून सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण खांड गेली की दोघी शेजारी उभ्या राहून एकमेकींच्या हातात चिखलाचे गोळे द्यायच्या. बांध सांधला की पुन्हा दोघींची तोंडं दोन दिशांना.

अशा गावात एक खाजगी वीज कंपनी आली. कोळशावर चालणारं वीजकेंद्र बांधायला तिला आमची खारजमीन हवी होती. जमीन देणाऱ्या घरातल्या एकाला नोकरी, असं त्यांनी सांगितलं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, जमीन आईच्या नावावर होती आणि मी नुकतीच पेणच्या कॉलेजातून बी. कॉम. होऊन नोकरीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. मला ती नोकरी हवी होती. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा आणि पायाला चिखल नाही. यापलीकडे माझं स्वप्न जात नव्हतं, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

माझ्या बाजूला मामा होता. तो अष्टमी गावात राहायचा आणि नदीवरचा पूल ओलांडून रोह्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा. दर रविवारी येऊन आईला म्हणायचा, "अक्का, कंपनी ती कंपनी. पोरगी सावलीत बसंल."

आई म्हणायची, "बघू."

आईच्या त्या 'बघू'ने माझं जेवढं रक्त आटवलं तेवढं कॉलेजच्या परीक्षांनीसुद्धा आटवलं नाही.

मग कंपनीने सहल काढली. विदर्भात त्यांचं एक वीजकेंद्र होतं, शेजारी कोळशाची खाण होती. ते सगळं डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा, असं म्हणाले. पेणजवळच्या रामवाडीला बस उभी राहिली. गावातली चाळीस माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटून आली. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या जवळ्याची चटणी एवढी बांधून घेतली, की बंद एसी बसमधल्या त्या वासाने कंपनीचा साहेब पनवेल यायच्या आत पुढच्या सीटवर गेला. साहेब तरुण होता, गोड बोलायचा. मला तो आवडला होता. माझा होणारा साहेब म्हणून मी त्याच्याकडे बघत होते.

पहिल्यांदा खाण दाखवली. एवढा मोठा खड्डा आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिला नव्हता. तळाशी डंपर मुंगळ्यांएवढे दिसत होते. साहेब अभिमानाने म्हणाला, "ही आपलीच खाण." आई काठाशी जाऊन वाकून म्हणाली, "पावसाचं पानी कुठं सोडता?" साहेबाने पंप दाखवले. मग तिने बाजूला टाकलेल्या मातीच्या डोंगरातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून म्हणाली, "गोडी माती हाय. बांधाला बरी." कोळशाबद्दल तिने एक शब्द काढला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वीजकेंद्र. चिमणी बघून माना दुखल्या, यंत्रांच्या आवाजाने कानांना दडे बसले. शेवटी आम्हाला राखेच्या तळ्यावर नेलं. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून तिथे सोडतात. भोवती लांबच लांब मातीचा बांध, आत करडं पाणी. दोन दिवस परक्यासारखी वावरणारी आमची माणसं बांध दिसताच सैल झाली. कुणी उंची बघतंय, कुणी उतार बघतंय. साहेब मागे राहून फोनवर बोलत होता.

तेवढ्यात शेजारची काकू ओरडली, "खांड गेली!"

बांधाच्या पायथ्याशी, बाहेरच्या बाजूला, दगडांतून पाणी झुळझुळ वाहत होतं. पुढे काय झालं ते सांगायला मला अजून हसू आवरत नाही. चाळीस माणसं ठेवणीतल्या कपड्यांनिशी उतारावरून खाली घसरली. बायकांनी कासोटे खोचले. कुणी वाळूची पोती ओढून आणली, कुणी गवत उपटलं, आई आणि काकू गुडघाभर करड्या राडीत उभ्या राहून गोळे देऊ लागल्या. आणि मी? मी माझ्या नव्या पंजाबी ड्रेसवर रांगेत उभी होते. कधी उतरले ते मला आठवत नाही. दहा मिनिटांत पाणी बंद. सगळे कंबरेवर हात ठेवून, आता कुणीतरी चहा देईल अशा चेहऱ्याने उभे राहिले.

साहेब धापा टाकत आला आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. ती खांड नव्हती. बांधात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून कंपनीनेच मुद्दाम ठेवलेली ती वाट होती. ती बुजवली तर बांध आतून भिजून फुगणार. मग कंपनीची माणसं फावडी घेऊन आली आणि आम्ही बुजवलेलं उकरत बसली. आई त्यांना वरून सांगत होती, "असं नाय रं, कडेनं काढ." शेवटी साहेबच आधी हसला, मग सगळेच हसले. आम्ही पितरांसारखे करडे दिसत होतो.

रात्रीच्या जेवणाला साहेब खुशीत होता. "तुम्हा सगळ्यांनाच बांधावर ठेवून घ्यायला पाहिजे," तो म्हणाला.

आईने घास खाली ठेवला. "मला ठेवा," ती म्हणाली. "खरंच. जमीन घ्याल तर राखेचं तळं आमच्याकडंबी करनारच ना? त्याचा बांध मी बघंन."

ती थट्टा करत नव्हती. साहेबाच्याही ते लक्षात आलं. तो अगदी नरमाईने म्हणाला, "मावशी, ते काम ठेकेदाराकडे असतं. दहावी पास लागतं. तुमच्या मुलीला मात्र ऑफिसात नक्की."

"बरं," म्हणून आईने घास उचलला.

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, तो तिथे नेमका आलाच नाही. मी नुसता भात चिवडत बसले. चाळीस वर्षं समुद्र अडवून धरणाऱ्या बाईला बांधाकडे बघायची परवानगी नव्हती, आणि गेलेच तर पायात चपला घालून बांधावर जाणाऱ्या मला खुर्ची होती.

पंधरा दिवसांनी गावच्या शाळेत साहेब संमतीचे कागद घेऊन बसला. आई रांगेत उभी राहिली, मी तिच्या मागे. वाटेत ती एवढंच म्हणाली होती, "तुझ्यासाठी करतंय सही. तू सुखात रहा." टेबलाशी पोचल्यावर तिने पेन हातात घेतलं, आणि मी ते काढून घेतलं.

"सही नको," मी म्हणाले. "मला नोकरी नको."

मला वाटलं आई मला पोटाशी धरेल. ती माझ्यावर उखडली. "आता सांगतंस? पंधरा दिस मी जिवाची समजूत घालतंय. परवा बांधावर जाऊन एकटी रडून आले. आनि आता नको?"

रांगेतले सगळे हसू लागले. साहेबाने कागदात डोकं घातलं. आई मात्र हसत नव्हती. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मग माझ्यामागं तो बांध कोन बघनार गो?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. नाही म्हणण्याच्या भरात मी एवढी मोठी झाले होते, की नाही म्हटल्यावर जमीन उरते आणि ती कुणीतरी सांभाळावी लागते हे विसरूनच गेले होते. चाळीस-पन्नास माणसं बघत होती. पळायला वाट नव्हती.

"मी," मी म्हणाले. आवाज फारच बारीक आला.

आईने माझ्या पायांकडे बघितलं. टाचेच्या सँडल होत्या. मग कुठे ती हसली.

"उद्या अमावस्येचं उधान हाय," ती म्हणाली. "पाचला उठवंन. नाय उठलीस तर हिथं येऊन सही करीन."