पोटाला हात

डॉक्टरांनी माझं पोट पेनाने तपासलं. माझ्या आधीच्या बाईचं पोट त्यांनी हाताने दाबून पाहिलं होतं. मला विचारलं, "कुठली वाडी?" मी म्हटलं, "बौद्धवाडी." पुढे आलेला हात मागे गेला आणि पेनाचं टोपण साडीवरून माझ्या बरगडीखाली रुतलं.

"आत दुखतंय, सायब. पार पाठीत जातंय."

"पित्त आहे. कामाला दांडी मारायला कागद हवा असेल."

सिस्टर हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आठ महिने पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. कारखान्यासाठी बिरवाडीत घेतलेल्या भाड्याच्या खोलीत पोट धरून डबा भरायचा आणि कारखान्यात पॅकिंगला उभं राहायचं. सुट्टीला गावी आले की त्याच सरकारी दवाखान्यात, असं चार वेळा गेले. चारही वेळा पेन.

पाचव्यांदा टेबलावर झोपले आणि त्यांचं मनगटच धरलं.

"पेन ठेवा. हात लावा."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं, हातमोजे मागवले, मग दाबलं. चेहरा उतरला. आत मुठीएवढी गाठ होती.

मुंबईच्या इस्पितळात कळलं, स्वादुपिंडात जंताची पिशवी झालीय. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी पोटात गेली की होते. "आधी पाठवलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. निम्म्याहून जास्त स्वादुपिंड गेलं. साखर जन्माची मागे लागली. रोज सुई टोचून घेते.

टाके दाखवायला गावाकडच्या दवाखान्यात परत गेले. डॉक्टर माझ्यासमोरच सिस्टरना म्हणाले, "कुत्र्यांत राहतात. दुसरं काय होणार?"

"कुत्री आमची नायत," मी म्हटलं. "मटणाच्या दुकानातली आतडी आमच्या वाडीच्या अंगाला आणून कोण टाकतो? कुत्री ती खातात नि आमच्या दारात हगतात. तुमी आठ महिने हात लावला नाय. ह्यात माझं काय चुकलं, ते सांगा."

मी जिल्हा परिषदेत त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली.

सरपंच दोनदा घरी येऊन गेले. "पोरी, मागं घे. हा डॉक्टर गेला तर दुसरा येतोय कुठं?"

"हात न लावणारा डॉक्टर असला काय नि नसला काय, आमच्या वाडीला सारखंच हाय."

मी मेले तरी तक्रार मागे घ्यायची नाही, असं घरात सांगून ठेवलंय.