देवीला मत नाही

धाकू देवळात शिरण्याआधी समुद्रावर जाऊन हात धुतो. म्हणायचा, "आईला खारं पानी चालतं. तिनंच दिलंय." आमचा कोळीवाडा त्याला धाकूदादा म्हणतो. मी नुसतं धाकू, कारण आम्ही एकाच होडीवर वाढलो. मी होडीवरच राहिलो, तो बापामागं देवीचा पुजारी झाला.

कौल तोच लावतो. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं आणि विचारायचं. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. नवी होडी, लेकीचं लग्न, लोक सगळं विचारत. निवडणुकीचं मात्र तो विचारू देत नसे. "आईचं नाव मतदार यादीत हाय काय? मग तिला कशाला तरास? मत तुझं हाय, डोकं तू चालव." मी चौथी शिकलेला माणूस, पण हे मला पटायचं. असा मित्र आहे म्हणून मी छाती काढून फिरायचो.

मग माझी बायको हिरा सरपंचपदाला उभी राहिली. आमच्या बायका रस्त्याकडेला मासळी सुकवायच्या, गाड्यांची सगळी धूळ तिच्यावर. हिराला सिमेंटचे ओटे बांधून हवे होते. समोरच्या उमेदवार बाईच्या नवऱ्यानं देवळाला सभामंडप कबूल केला. मतदानाच्या आदल्या दिवशी धाकूनं सगळा वाडा जमवला आणि कौल लावला. हिरा सरपंच व्हावी का?

मी शेजारीच होतो. उजव्या फुलाला त्यानं ओंजळीतलं पाणी लावलं, डाव्याला नुसतं ओलं बोट. डावं टिकलंच नाही.

"धाक्या, फूल कोरडं होतं," मी म्हणालो.

"आईवर संशय घेतोस?"

लोक माझ्याच अंगावर आले. हिरानंच माझा सदरा ओढला. "गप बसा. आई न्हाय म्हनली."

हिरा पडली. निकालानंतर सुकट निवडता निवडता सहज बोलून गेली, "मी बी माज्या नावाचं बटन न्हाय दाबलं. आईच्या म्होरं कशी जाऊ?"

पुढं ती आजारी पडली. एकच धोशा, माझं काय चुकलं असंल? मी धाकूकडं गेलो. मंडपाला फरशी बसत होती. म्हटलं, निवडणूक गेली खड्ड्यात. तिला एवढंच सांग, फूल तू पाडलंस, आईनं नाही.

आला. खाटेशी बसला. हिरानं विचारलं, "दादा, आई माज्यावर रागावलीय का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तिच्या कपाळाला अंगारा लावला. "आईची मर्जी, हिरे."

दारात मी त्याला धरलं. "खरं बोलला असतास तर जीभ झडली असती?"

"वाड्याला काय सांगू? कौल खोटा व्हता म्हनून?"

तो अंगारा कपाळावर घेऊनच हिरा गेली.

धाकू अजून हात धुवायला येतो. मी जाळं शिवत बसलेला असतो. तो थांबतो, खाकरतो. मी मान वर करत नाही.

देवळात मात्र जातो. मंडपात बसत नाही, बाहेरून हात जोडतो. आईशी माझं भांडण नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.