ढेमश्या आणि नवा सोफा

आमचा ससा परवा दुपारी गेला. चूक माझी आहे.

ढेमश्या त्याचं नाव. ढेमशासारखा गोल, म्हणून मनूनं ठेवलं होतं. मनू माझी मुलगी, फर्स्ट इयरला आहे.

दोन वर्षांत त्यानं तीन चार्जर, आईची चप्पल आणि दिवाणाचा एक पाय खाल्ला. आम्ही हसायचो.

मग नवा सोफा आला, आणि माझं हसणं बंद झालं.

एक दिवस त्यानं कूलरची वायर कुरतडली. मला कारणच मिळालं. "शॉक लागून मरेल," म्हणत त्याला मागच्या गॅलरीत टाकलं. वायरीवर पाइप चढवला असता तरी भागलं असतं. पण खरं सांगू? मला सोफा वाचवायचा होता.

आई म्हणाली, "काहून कोंडून राहिला त्या मुक्या जीवाले? कूलरपुढे बसू दे ना त्याले."

मी म्हटलं, "जंगलात कोण कूलर लावते सशाले?"

नागपूरच्या मे महिन्यात राहून मी हे बोललो.

परवा बहिणीकडे खापरखेड्याला जेवायला जायचं होतं. मनूनं ढेमश्याला गुपचूप हॉलमध्ये आणलं, गॅलरीचं दार लावलं, कूलर सुरू केला. मी ते पाहिलं होतं.

सगळे गाडीत बसल्यावर मी "मोबाइल राहिला" म्हणून परत वर गेलो.

त्याला उचलून गॅलरीत ठेवलं. दार ओढून घेतलं. पळालो.

कूलर रिकाम्या हॉलमध्ये चालूच राहिला.

चार वाजता आलो तर तो फरशीवर आडवा. कान तापलेले. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत संपला होता.

"सशाले घाम येत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "गरमी सहनच होत नाही त्याले."

येताना मनू रडत होती. "बाबा, दार माझ्याकडूनच उघडं राहिलं असन काय? तो बाहेर गेला अन् मागून दार हवेनं लागलं असन?"

मी म्हणालो, "असन."

एवढा भित्रा निघालो मी.

काल तिनं इथंच, या ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे माझा ढेमश्या गेला.' खाली तुम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. काहींनी रागावलंही.

आज सकाळी तिला खरं सांगितलं. ती उठली. खोलीत निघून गेली.

ती बोलेल तेव्हा बोलेल. तुम्ही मात्र तिला काही म्हणू नका.

तिनं दार नीट लावलं होतं. ते मी उघडलं.

ढेमश्या, माफ कर गा.