काकांची बडतर्फी

श्रूजबरीतल्या आमच्या ग्रुपचा ॲडमिन मी होतो. फोनवरचा साधा ग्रुप. सात मराठी कुटुंबं, आणि काम एकच: काकांना काकूंकडे पोचवणं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून काकू गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये होत्या. त्यांना सगळं समजायचं, बोलता मात्र येत नव्हतं. काका मूळचे नागपूरचे, पन्नास वर्षांपूर्वी इकडे आलेले इंजिनिअर. नजर गेली तसं लायसन्सही गेलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते काकूंना दुपारचं जेवण भरवायला जायचे. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज यायचा, "उद्या साडेदहा. पायरीवर उभा असतो." ज्याला जमेल तो 'येतो' म्हणून कळवायचा. तीन वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

मग राष्ट्राध्यक्षांनी तपास यंत्रणेतले बडे अधिकारी एका फटक्यात काढून टाकले, आणि आमच्या ग्रुपला अचानक राज्यघटना आठवली.

काका राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे, मी विरुद्ध. बाकीचे माझ्याच बाजूचे होते, पण ते कामात असायचे. काकांचे चार-चार मिनिटांचे मेसेज यायला लागले. "अरे, लोकांनी इलेक्ट केलंय त्याला. बॉसला आपली टीम निवडता आली पाहिजे. प्लांटमध्ये मी किती लोक फायर केले, कोणाला विचारून केले?" मी परिच्छेदच्या परिच्छेद लिहायचो. तपास करणाऱ्याला वरच्याची भीती असता कामा नये. काढायचंच तर कारण द्या, त्याचं म्हणणं ऐकून घ्या. काकांना दिसत नसल्यामुळे माझं लिखाण त्यांचा फोन त्यांना वाचून दाखवायचा. कालच्याला अठरा मिनिटं लागली, असं त्यांनी एकदा कळवलं. वाद महिनाभर चालला. माझी पाळी असली की गाडीत आम्ही फक्त हवेविषयी बोलायचो. हवा वाईटच होती.

एका मंगळवारी दुपारी काका ग्रुपवर म्हणाले, "तू कशाला एवढा तापतोस? तुला तर अजून व्होटही नाही."

मी बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. माझं डोकं फिरलं. त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. कारण दिलं नाही, म्हणणं ऐकलं नाही. दोघांनी टाळ्यांची चित्रं टाकली, एकानं "फायनली यार!" लिहिलं. मला छान वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

ग्रुपवर शांतता पसरली. आठवडाभर मी तिचं कौतुक करत होतो. पुढच्या मंगळवारी भांडी विसळता विसळता बायकोनं विचारलं, "सध्या काकांना कोण ड्राइव्ह करतंय?" मी सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कोणीतरी नेत असेल. दूरच्या चँडलर शहराहून त्यांचा मुलगा आला असणार, याची एकाला तर खात्रीच होती. मुलगा चँडलरलाच होता.

बुधवारी साडेदहाला मी गेलो. पायरीवर कोणी नव्हतं. बेल वाजवली तर बऱ्याच वेळानं काकांनी दार उघडलं. दाढी वाढली होती.

"ग्रुप नाही तर नाही, फोन तरी करायचा ना काका," मी म्हणालो. निर्लज्जपणाची हद्द म्हणजे हे मी त्यांना सुनावलं.

"कोणाला करायचा? मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. शुक्रवारी टॅक्सी केली होती. त्यानं भलत्याच दारात सोडलं. बर्फात चाचपडलो थोडा, मग परत आलो."

"सगळ्यांनी नाही ठरवलं काका. मी एकट्यानंच काढलं."

"बरं," काका म्हणाले आणि कोट शोधायला लागले.

काकूंच्या पलंगाच्या पायाशी जेवणाचा तक्ता लटकवलेला होता. "वाच," काका म्हणाले. मी वाचला. मधल्या दिवसांत नर्सच्या हातून त्या थोडंफार जेवल्या होत्या. बुधवार, शुक्रवार, सोमवार या तिन्ही दिवशी दुपारचं ताट त्यांनी तसंच परत पाठवलं होतं. ते काकांचे दिवस; काकू त्यांची वाट बघत बसल्या होत्या.

काकांनी चाचपडत काकूंचा हात शोधला. "हिला वाटलं असेल, मीच आलो नाही," ते म्हणाले. "सांग हिला, का नाही आलो ते."

मी सांगितलं. राष्ट्राध्यक्ष, अधिकारी, व्होट, ग्रुप, सगळं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काकूंनी माझ्यावरची नजर न काढता पूर्ण ऐकून घेतलं. मग चालत होता तो डावा हात काकांच्या हातातून सोडवून घेतला, हळूहळू उचलला आणि मला दार दाखवलं.