खलाशी डच कसा झाला

पनवेलहून गाडी सुटली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. पिशवीत माझ्या पहिल्या अनुवादाची पहिली प्रत होती. एका इंग्रजी सागरी कादंबरीचा अनुवाद, आणि तो अर्पण केला होता मला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना. जिते स्टेशन मागे गेलं. पेणला उतरून सरांसाठी पोह्याचे पापड घेतले आणि पुढची गाडी पकडली.

रोह्याला रिक्षावाल्याला वरसे गावातलं सरांचं घर सांगितलं. तो हसला. "बसा. माजे पन कान पिळलेत त्यांनी."

बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, जेवायला वालाचं बिरडं (मोड आलेल्या, सोललेल्या वालांची उसळ) वाढलं. सर जेवता जेवताच मुखपृष्ठ पाहत होते.

"ही पवनचक्की कशाला?"

"नायक डच आहे ना, सर."

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणतो. पहिल्याच पानावर."

"मूळ इंग्रजी वाक्य काय आहे?"

मी ऐटीत अर्थ सांगितला, "'उद्या वादळ आलं नाही, तर मी डचमन.'"

सरांनी ताट बाजूला सारलं. "अरे, ती पैज आहे! आपण म्हणतो, 'असं झालं नाही तर नाव बदलून ठेवीन.' इंग्रज म्हणतो, 'तर मी डचमन.' डचांशी समुद्रावर हाडवैर, म्हणून ते नाव असं तोंडात बसलं. तो डच नाही, म्हणूनच तर तसं म्हणतो!"

मी सर्द झालो. वाक्य मला विचित्र वाटलं होतं, पण मी ते 'मी डच आहे, वादळ मला कळतं' असं सरळ करून टाकलं होतं. प्रस्तावनेत त्या खलाशाला ॲम्स्टरडॅममधलं बालपण दिलं होतं. आई मासे विकते, असंही लिहिलं होतं.

सरांनी अर्पणपत्रिकेवरचं आपलं नाव वाचलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नाव काढू का, सर?" मी विचारलं.

"नाव काढणं सोपं आहे. पुस्तक नीट कर."

बाई म्हणाल्या, "जेवू द्या हो त्याला."

परतताना रोहा स्टेशनाबाहेरच्या बूथवरून प्रकाशकांना फोन लावला. 'डचमन'ची चूक सांगितली आणि बाकीच्या प्रतींचं बाइंडिंग थांबवा म्हणालो. ते उखडले. "एका शब्दासाठी? वाचणाऱ्याला काय कळणार आहे?"

मी म्हणालो, "ज्यांना अर्पण केलंय, त्यांना कळलंय."